पंधराव्या वर्षी निवड, सोळाव्या वर्षी परगाव: कॅनडाची ज्युनिअर हॉकी समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये गॅव्हिन मॅकेना नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपण अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळणार असल्याचे जाहीर केले आणि कॅनडात ती त्या आठवड्याची मोठी क्रीडावार्ता ठरली. पुण्याहून माझ्या मावसभावाने विचारले, "अरे, पोरगा कॉलेजात चालला आहे, यात बातमी कसली?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला फोनवर पाऊण तास लागला. इथे टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या भागांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांतली मुले आता स्केट्स घालून बर्फावर उतरतात, परंतु त्यांच्या आईवडिलांनाही ही व्यवस्था नीटशी उलगडलेली नसते. तो पाऊण तास जरा शिस्तीत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळाही नव्हे, व्यावसायिक क्लबही नव्हे

कॅनडात नुसते 'हॉकी' म्हटले की ती बर्फावरचीच असते. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि चेंडूऐवजी 'पक' नावाची कडक रबराची चकती. वेग इतका असतो की खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट खेळून बाकावर परततो आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू उडी मारून आत येतो.

आपल्याकडे मुंबईतला मुलगा शाळेच्या संघातून हॅरिस शील्ड खेळतो आणि तिथे कोणाच्या तरी नजरेत भरतो. कॅनडातल्या हॉकीचा रस्ता शाळेतून जात नाही. तो शहरातल्या आणि उपनगरातल्या क्लबांतून जातो. वयोगटानुसार संघ असतात आणि प्रत्येक वयोगटात कौशल्यानुसार पायऱ्या असतात, त्यांतली सर्वांत वरची पायरी 'ट्रिपल ए' म्हणून ओळखली जाते. टोरंटो परिसरातल्या अशा मुलांची संघटना १९११ पासून चालू आहे. या पायऱ्या चढून पंधरा वर्षांचा झालेला उत्तम खेळाडू जिथे पोचू पाहतो, त्या थराला 'मेजर ज्युनिअर' म्हणतात, म्हणजे साधारणपणे सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची देशातली सर्वोच्च हॉकी.

या थरावर तीन प्रादेशिक लीग आहेत: पश्चिमेकडच्या प्रांतांची एक, क्वेबेक आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांची दुसरी, आणि ओंटॅरिओची तिसरी. या तिन्हींची मिळून जी शिखर संघटना आहे ती कॅनेडियन हॉकी लीग. मॅकेना पश्चिमेकडचा, मेडिसिन हॅट या गावाच्या संघाचा. मी मात्र ओंटॅरिओ हॉकी लीगच्या, म्हणजे सगळे जिला 'ओएचएल' म्हणतात तिच्या आधारे समजावणार आहे, कारण तिचे सामने मी जवळून पाहतो आणि आपली माणसे सर्वांत जास्त याच प्रांतात भेटतात.

ओएचएलमध्ये वीस संघ आहेत. त्यांतले सतरा ओंटॅरिओत, दोन मिशिगनमध्ये आणि एक पेनसिल्व्हेनियातल्या इरी शहरात आहे. नियमित हंगामात प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो. सप्टेंबरअखेर सुरू झालेला हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि त्यानंतर बाद फेरी मे महिन्यापर्यंत लांबते. अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलाने अभ्यास सांभाळून इतके सामने खेळायचे, आणि तेही सू सेंट मरी ते ओशावा अशा अंतरांवर रात्रीच्या बसने प्रवास करत, हे आधी लक्षात घेतले म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. टोरंटोपासून सू सेंट मरी सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. (याच गावात १९७७-७८ च्या हंगामात वेन ग्रेट्स्की, म्हणजे पुढे या खेळातला सर्वांत थोर मानला गेलेला खेळाडू, खेळला. त्याला आपल्या आवडत्या खेळाडूचा, गोर्डी हाऊचा, ९ क्रमांक हवा होता, तो आधीच दुसऱ्याच्या पाठीवर असल्याने त्याने ९९ घेतला आणि पुढे तोच आकडा जगभर गाजला.)

तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान संघ अशा चौघांत शेवटी मेमोरियल कपची स्पर्धा होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला हा कप २०२५ मध्ये ओएचएलच्या लंडन नाइट्सने जिंकला. हे लंडन ओंटॅरिओतले आहे. अंतिम सामन्यात त्यांनी मॅकेनाच्याच मेडिसिन हॅटला हरवले.

लिलाव नव्हे, वाटप

मुलगा या लीगमध्ये येतो तो 'ड्राफ्ट'मधून. आपल्या डोळ्यांसमोर लगेच आयपीएलचा लिलाव येतो, पण ते चित्र इथे लागू पडत नाही. लिलावात ज्याच्या थैलीत पैसा जास्त तो खेळाडू घेऊन जातो. ड्राफ्टमध्ये पैशाचा संबंधच नसतो; संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेतात आणि मागच्या हंगामात तळाशी राहिलेल्यांची पाळी आधी येते. दुबळ्या संघाला बळ मिळावे असा त्यामागचा हेतू आहे. पंधरा फेऱ्या होतात, म्हणजे दरवर्षी पंधरा-सोळा वर्षांच्या सुमारे तीनशे मुलांची नावे पुकारली जातात. त्यांतली बरीच मुले पुढे लीगमध्ये एकही सामना खेळत नाहीत, हे त्या दिवशी घरात पेढे वाटताना कोणी बोलून दाखवत नाही.

मुलाने कोणत्या लीगमध्ये जायचे हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. रणजी करंडकात जसा खेळाडू एखाद्या राज्य संघटनेचा असतो तसा ओंटॅरिओतला मुलगा ओएचएलच्याच ड्राफ्टमध्ये येतो. त्यातला संघ मात्र त्याला निवडता येत नाही. १९८९ मध्ये एरिक लिंड्रॉस या असामान्य खेळाडूला सू सेंट मरीने पहिल्या क्रमांकावर निवडले, त्याने तिकडे जायला नकार दिला आणि शेवटी त्याचे हक्क ओशावाला मिळाले. पण असा हट्ट धरायला अंगात लिंड्रॉसचा खेळ असावा लागतो. बाकीच्यांनी संघ सांगेल त्या गावाची वाट धरायची.

अगदी असामान्य मुलाला वर्षभर आधीच प्रवेश मिळतो. २००५ मध्ये ही सवलत पहिल्यांदा पुढे नामवंत झालेल्या जॉन टवारेसला मिळाली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. २०१२ मध्ये ती कॉनर मॅकडेव्हिडला मिळाली.

वार लावून जेवणारा खेळाडू

निवड झाली की मुलगा घर सोडतो. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी. इथल्या पद्धतीत वार नसतात, वर्षभर एकच घर असते, परंतु भाव तोच आहे. संघाच्या गावातले एखादे कुटुंब त्या मुलाला आपल्या घरात ठेवून घेते, त्याच्या जेवणाखाणासाठी संघ त्या कुटुंबाला थोडी रक्कम देतो, आणि अशा घराला इथे 'बिलेट' म्हणतात. मुलगा त्याच गावातल्या शाळेत नाव घालतो. सकाळी शाळा, दुपारी सराव, संध्याकाळी सामना असेल तर दुपारी सक्तीची झोप.

माझ्या ओळखीच्या एका बिलेट घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर संघाचे वेळापत्रक चिकटवलेले आहे आणि त्याखाली घरच्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की बस पहाटे तीननंतर परतणार असेल तर डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असेल. तळघरात उघडून ठेवलेली हॉकीची बॅग, तिच्याभोवती वाळत टाकलेले पॅड आणि त्या सगळ्याला येणारा तो विशिष्ट आंबूस वास. ज्या घरात हॉकी आहे तिथे हा वास असतोच आणि काही महिन्यांनी तो कोणाला जाणवेनासा होतो. त्या मुलाची आई चारशे किलोमीटरवरून दर रविवारी फोन करते, आणि तिचा पहिला प्रश्न गोल किती झाले हा नसून झोप किती झाली हा असतो.

कोल्हापूरच्या तालमीत खुराकावर राहणारा पठ्ठ्याही असाच लहान वयात घर सोडून येतो. एक फरक मात्र मोठा आहे. वस्ताद आपल्या पठ्ठ्याला दुसऱ्या तालमीत 'देऊन' टाकत नाही. इथे जानेवारीच्या सुरुवातीला संघांना खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची मुदत असते, आणि त्या दिवसांत सतरा वर्षांच्या मुलाला शाळा, घर, मित्र असे सगळे मागे टाकून अवघ्या एक-दोन दिवसांत नव्या गावात हजर व्हावे लागते. या व्यवस्थेतली मला सर्वांत न पटणारी गोष्ट हीच आहे.

अठ्ठेचाळीस तासांची लक्ष्मणरेषा

आता मॅकेनाच्या बातमीकडे येऊ. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे खेळ ज्या संघटनेच्या नियमांनी चालतात तिचे नाव 'एनसीएए'. विद्यार्थी-खेळाडू हौशी असला पाहिजे, व्यावसायिक नको, हा तिचा जुना दंडक. कॅनडाच्या मेजर ज्युनिअर संघांत काही मुले अशी असतात ज्यांनी एनएचएल, म्हणजे जगातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या संघाशी आधीच करार केलेला असतो. अशा मुलांसोबत जो खेळला तो सुद्धा व्यावसायिक, असा अर्थ एनसीएएने लावला होता. शेजारी चोर निघाला म्हणून सगळ्या चाळीला दंड करावा, तसा हा प्रकार होता.

त्याचा जाच फार मोठा होता. मेजर ज्युनिअर संघाच्या सराव शिबिरात मुलाने ४८ तासांपर्यंत राहिले तर चालत असे. त्यापुढे राहिला, किंवा संघाकडून एखादा सामना खेळला, मग तो मैत्रीपूर्ण का असेना, की अमेरिकन विद्यापीठाकडून हॉकी खेळण्याचा त्याचा हक्क धोक्यात येई. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दहावीच्या वर्षात ठरवायचे की आपण कॅनडाच्या रस्त्याने जायचे की अमेरिकेच्या, आणि एकदा पाऊल टाकले की परतीची वाट जवळपास बंद. मिशीही न फुटलेल्या मुलाच्या वतीने हा निर्णय प्रत्यक्षात त्याचे वडील, प्रशिक्षक आणि सल्लागार घेत असत.

ऑगस्ट २०२४ मध्ये या नियमाविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल झाला. दावा लावणारा मुलगा सोळाव्या वर्षी ओएचएलच्या एका संघाकडून दोन सराव सामने खेळला होता आणि तेवढ्यावरून त्याची विद्यापीठाची दारे बंद झाली होती. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एनसीएएने नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअर खेळलेल्या मुलांना विद्यापीठाच्या संघात घेता येऊ लागले; अट एवढीच की त्यांना तिथे प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त पैसे मिळालेले नसावेत.

नियम बदलला, मग फरक काय पडला?

सर्वांत मोठा फरक असा की हा निर्णय आता पंधराव्या वर्षी घ्यावा लागत नाही. मुलगा दोन-तीन वर्षे ओएचएल खेळून, आपण किती पाण्यात आहोत हे ओळखून, बारावीनंतर विद्यापीठात जाऊ शकतो. विद्यापीठाच्या भीतीने पूर्वी जी मुले मेजर ज्युनिअरपासून मुद्दाम लांब राहत, त्यांना आता तसे लांब राहण्याचे कारण उरले नाही, आणि अमेरिकन मुलांनाही कॅनडाचा रस्ता मोकळा झाला.

दुसरा फरक वरच्या टोकाला आहे. एनएचएल आणि कॅनेडियन हॉकी लीग यांच्यात वर्षानुवर्षे चालत आलेल्या करारानुसार, एनएचएलच्या संघाने आपल्या ड्राफ्टमध्ये निवडलेला वीस वर्षांखालील ज्युनिअर खेळाडू त्या संघात टिकला नाही तर त्याला ज्युनिअरलाच परत पाठवावे लागे. मधल्या व्यावसायिक लीगमध्ये ठेवता येत नसे. परिणाम असा की काही मुलांना ज्युनिअर फार सोपी होऊन जाई आणि एनएचएल अजून जड जात असे. विद्यापीठात त्यांची गाठ त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, हाडापेराने भरलेल्या खेळाडूंशी पडते. मॅकेनाने नेमकी हीच पायरी निवडली. एक बारीकशी गंमतही यात आहे. ज्युनिअरमध्ये ही मुले डोळ्यांपुरती पारदर्शक ढाल लावून खेळतात आणि ती लावण्यात त्यांना आपण मोठे झाल्याचा आनंद असतो. विद्यापीठात मात्र पुन्हा अख्खा चेहरा झाकावा लागतो, लहानपणी लावत होते तसाच.

याची किंमत ज्युनिअर संघ मोजतात. अठरा-एकोणीस वर्षांचा, तयार झालेला, तिकिटे खपवणारा खेळाडू आता उठून विद्यापीठात जाऊ शकतो. ज्या गावात हिवाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी दुसरे काही नसते, तिथल्या संघाला हे परवडेल का, ही चिंता खोटी नाही.

'हा तर सरळ धंदा आहे!'

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लंडनच्या रिंकवर नऊ हजारांच्या आसपास माणसे बसतात, तिकीट काढून बसतात. संघ विकले जातात, गावे बदलतात. मिसिसागाचा स्टीलहेड्स संघ २०२४ मध्ये उठून आमच्या ब्रॅम्प्टनला आला. खेळणाऱ्या मुलांना मात्र पगार नसतो, किरकोळ भत्ता असतो. किमान वेतनाइतका तरी पगार मिळावा म्हणून २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी सामूहिक दावा लावला. तो चालू असतानाच २०१८ मध्ये ओंटॅरिओ सरकारने या खेळाडूंना रोजगारविषयक कायद्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०२० मध्ये तीन कोटी डॉलरच्या तडजोडीचा प्रस्ताव पुढे आला. त्याच वर्षी काही माजी खेळाडूंनी नवख्या मुलांच्या छळाबद्दल, म्हणजे आपल्या भाषेत रॅगिंगबद्दल, वेगळा दावा दाखल केला.

लीगची बाजू अशी की मुलाला पैशाऐवजी शिक्षण मिळते. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची फी आणि पुस्तके, असा साधारण हिशेब आहे. कॅनडातल्या विद्यापीठाची फी पाहता ही रक्कम लहान नाही. परंतु तिला अटी आहेत. मुलगा व्यावसायिक हॉकीत गेला आणि ठरलेल्या मुदतीत शिकायला परतला नाही तर ती हातची जाऊ शकते. आणि सगळेच संघ कोणा शेठजींच्या मालकीचे नाहीत. किचनर रेंजर्स हा संघ हंगामभराची तिकिटे घेणाऱ्या प्रेक्षकांच्या मालकीचा आहे. आपल्याकडच्या सहकारी संस्थेच्या सभासदांना तो प्रकार लगेच कळेल.

माझ्या मते लीग धंदाही आहे आणि शाळाही आहे, आणि गोंधळ होतो तो प्रत्येक वेळी सोयीची टोपी डोक्यावर ठेवण्यातून. तिकीट विकताना ती व्यावसायिक असते, पगाराचा विषय निघाला की शैक्षणिक होते. नव्या नियमानंतर हा दुटप्पीपणा सांभाळणे उलट अधिक अवघड झाले आहे, कारण आता मुलाकडे दुसरा दरवाजा आहे.

जानेवारीत जन्मलेल्या मुलांची गोष्ट

ऐंशीच्या दशकात रॉजर बार्नस्ली हे मानसशास्त्रज्ञ पश्चिम कॅनडातल्या लेथब्रिज येथे ज्युनिअर हॉकीचा सामना पाहायला गेले असता त्यांच्या पत्नीचे लक्ष माहितीपत्रकातल्या जन्मतारखांकडे गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा दिसत होते. कारण साधे आहे. कॅनडातल्या हॉकीत वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी असते. नऊ-दहा वर्षांच्या वयात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, म्हणून उंच, म्हणून 'हुशार' दिसतो. त्याला वरच्या संघात घेतात, जास्त सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. शाळेत पहिलीत वयाने लहान असलेले पोर मागे पडते तेव्हा आपल्या शिक्षिका हेच सांगतात, फक्त तिथे बारा वर्षांत फरक मिटायला वेळ मिळतो. इथे पंधराव्या वर्षी यादी लागते. मॅकेनाचा जन्म डिसेंबरातला आहे, तेव्हा नियमाला अपवाद असतातच. पण अपवाद होण्याएवढी गुणवत्ता किती जणांत असते?

'इतके कमी पोचतात, तर मग कशाला?'

१९७५ साली जन्मलेल्या ओंटॅरिओतल्या नोंदणीकृत सुमारे ३०,००० मुलांचा माग काढलेला एक हिशेब इथे वारंवार सांगितला जातो. त्यांतले ४८ एनएचएलमध्ये निवडले गेले आणि ३२ जण तिथे किमान एक सामना खेळले. म्हणजे एखादी स्पर्धा परीक्षाही यापुढे दयाळू वाटावी. दुसरीकडे ट्रिपल ए खेळणाऱ्या मुलाचा खर्च, म्हणजे संघाची फी, स्पर्धांचा प्रवास, हॉटेल, दरवर्षी लहान होणारे स्केट्स आणि मोडणाऱ्या स्टिक, वर्षाकाठी सहज दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात जातो, म्हणजे आपले सहा लाख रुपये.

केवळ एनएचएलच्या आशेने हा खर्च करणाऱ्या आईवडिलांना मी थांबा असेच सांगेन. ज्यांच्या मुलाला पहाटे पाचला उठून गोठलेल्या रिंकवर जायला आवडते त्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि नव्या नियमामुळे त्यांच्या हिशेबात एक ठोस रकाना वाढला आहे: ओएचएलपर्यंत पोचलेल्या मुलाला आता दोन्ही देशांतल्या विद्यापीठांचे दार उघडे राहते. आपल्या लोकांना दक्षिण आशियाई चेहरा दिसला की धीर येतो, तर तोही आहे. मिसिसागात जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा मॅनी मल्होत्रा ओएचएलच्या ग्वेल्फ स्टॉर्मकडून खेळूनच एनएचएलमध्ये गेला. पंजाबी कुटुंबातल्या अर्शदीप बेन्सने २०२१-२२ मध्ये पश्चिमेच्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले. मराठी नाव अजून त्या जर्सीवर मी पाहिलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात ब्रॅम्प्टनच्या रिंकवर मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारी झॅम्बोनी फिरत होती आणि माझ्या शेजारी एक मराठी गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन बसले होते. मुलगा काचेला नाक लावून यंत्राकडे बघत होता. वडिलांनी मला हळूच विचारले, "अहो, ड्राफ्टसाठी आत्तापासून काही फॉर्म वगैरे भरावा लागतो का?" मी सांगितले की फॉर्मचा प्रश्न नंतरचा, आधी संघाच्या निवड चाचण्या पाहा, त्या वसंतात असतात. मग मुलाला विचारले, जन्मतारीख काय रे तुझी? तो मागे न वळता म्हणाला, "नोव्हेंबर."